जुन्या जीपचे इंडिकेटर: बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला, तरी मागचा डावा मंदच

निंभोरा_शिवार (ता. रावेर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००१ सालची लांब चासीची डिझेल जीप आहे. वडिलांनी घेतलेली, आणि शेताचं सगळं काम अजून तिच्यावरच चालतं. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, घडांच्या कटाईला मजूर, सगळं तिच्यातच. इंजिन ठणठणीत आहे. इंडिकेटरनं मात्र जीव नकोसा केलाय.

डावा इंडिकेटर दिला की समोरचा दिवा भराभर टिकटिकतो आणि मागचा लालसर, अगदी मंद पेटतो. उजवा दिवसा बरा चालतो. रात्री हेडलाईट लावली की उजवीकडचा मागचा टेल लॅम्प इंडिकेटरच्या तालावर कमीजास्त होतो. त्यात ब्रेक दाबला तर मागचं सगळंच मंदावतं. आधी जुना पत्र्याच्या डबीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) होता. तेव्हा डावा नुसता पेटून राहायचा, लुकलुकायचाच नाही. गॅरेजमध्ये दिली तर त्यांनी फ्लॅशर बदलला, चारही बल्ब बदलले, पैसे घेतले आणि "जुनी गाडी आहे, असंच चालणार" म्हणून परत दिली.

वडील पहाटे अंधारात बऱ्हाणपूर रोडनं फैजपूरकडे जातात. मागून केळीचे भरलेले ट्रक येतात. डावीकडे शेतरस्त्याला वळताना मागच्याला इंडिकेटर दिसला नाही तर काय होईल, हा विचार डोक्यातून जात नाही. गाडीचं पासिंगही जवळ आलंय. कुणाला नीट माहिती असेल तर कृपया सांगा. मीटर आहे, हातानं काम करायची तयारी आहे.

शहादेकर

फ्लॅशर लोकल लावला असेल. चांगला घ्या, प्रश्न मिटेल.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, थांब. आता एकही पार्ट विकत घेऊ नकोस.

माझं सगळं आयुष्य धुळ्यात ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात गेलं. आता दुकान मुलगा बघतो. तू लक्षणं फार व्यवस्थित लिहिली आहेस, त्यावरूनच अर्धं निदान होतंय. पण आधी एवढं सांग. हॅझर्डचं बटण आहे का, आणि ते दाबल्यावर चारही दिवे सारखे लुकलुकतात का? मागच्या दिव्यांची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, कुठे बांधली आहे, ती वायर आहे की दिव्याचा पत्राच बॉडीला टेकवलाय? आणि खताच्या गोण्या नेमक्या कुठे ठेवता, मागच्या फरशीवरच ना? मॅट कधी उचलून पाहिली आहे का?

निंभोरा_शिवार

नाना, हॅझर्ड आहे. चारही पेटतात, पण मागचा डावा तिथेही मंदच. मागच्या प्रत्येक दिव्यातून एक काळी वायर निघते आणि आत बॉडीला बोल्टनं बसवली आहे. बोल्टवर मातीचा थर आहे. गोण्या मागेच ठेवतो. युरिया आणि पोटॅश दोन्ही, पावसाळ्यात तर फाटलेली गोणीसुद्धा येते. मॅट उचलली नाही कधी.

पांझराकाठ (धुळे)

मग ऐक. शहादेकर म्हणतात तसं फ्लॅशर बदलून हे जाणार नाही, कारण फ्लॅशर खरं तेच सांगतोय. त्याचं ऐकायचं सोडून लोक त्यालाच बदलतात.

जुन्या पत्र्याच्या डबीत एक तार किंवा पट्टी असते. दिव्यांचा करंट तिच्यातून जातो, ती तापते, संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. ती तापायला ठरावीक करंट लागतो. तुझ्या गाडीत एका बाजूला २१ वॅटचे दोन बल्ब, म्हणजे ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. मागच्या दिव्याला वाटेत अडथळा आला की करंट कमी होतो, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि दिवा नुसता पेटून राहतो. तुझा डावा पूर्वी तेच करत होता.

नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर वेगळ्या पद्धतीनं बोलतो. तो करंट मोजतो. कमी वाटला की बल्ब गेला असं समजून मुद्दाम दुप्पट वेगानं टिकटिकतो, म्हणजे ड्रायव्हरच्या लक्षात यावं. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. तुझा त्याच्या वर जात असणार, घड्याळ लावून मोज. दोन्ही फ्लॅशरनी एकच तक्रार केली आहे: डाव्या बाजूला करंट पुरत नाही.

उजव्या बाजूचा आजार अर्थिंगचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मागच्या दिव्याच्या एका घरात टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिघं राहतात आणि तिघांना परत जायला एकच काळी वायर. ती वायर धड नसेल तर इंडिकेटरचा करंट परतीच्या वाटेवर तुंबतो. मग होल्डरचा पत्रा, जो शून्य व्होल्टला असायला हवा, तो दोन-तीन व्होल्टवर चढतो. टेलला मिळणारा दाब तेवढा कमी होतो आणि तो मंदावतो. इंडिकेटर विझला की टेल पुन्हा तेज. म्हणून तुला ताल दिसतो. ब्रेकचा २१ वॅट त्यात आणखी भर घालतो आणि सगळंच बसतं.

एक दिवा लावल्यावर शेजारचा हलला की अर्थ बघायची. आमच्या दुकानात नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

दोंडाईचा_मिरची

भो, नाना बरोबर सांगी ऱ्हायनात. पहिले मांगनी अर्थिंग दख. आमनी गाडीले बी हाऊच तरास व्हता.

निंभोरा_शिवार

नाना, एक शंका आहे. मी बल्ब काढून होल्डरच्या पिनवर मीटर लावला होता. डाव्या बाजूला १२.४ व्होल्ट आले. पूर्ण व्होल्टेज येतंय तर वायर खराब कशी?

भुसावळ_शेड

याचं उत्तर मी देतो, कारण रेल्वेत आमच्या कामाचा निम्मा भाग हाच असतो.

बल्ब काढून घेतलेलं रीडिंग इथे उपयोगाचं नाही. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीतल्या सगळ्या तारा कुजून एकच केसाएवढी उरली असेल तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणार. बल्ब लावला, पावणेदोन अँपिअर वाहायला लागले, की खरं काय ते कळतं.

हिशोब करून बघा. २१ वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध साधारण ७ ओहम. वाटेत हिरव्या पडलेल्या जोडात फक्त २ ओहम आले, तर १२ पैकी अडीच-तीन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि बल्बला ९ च्या आसपास मिळतात. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं पडतो. पाऊण व्होल्टेज मिळालं तर पाऊण उजेड मिळत नाही, निम्म्याच्याही खाली जातो. त्यात पिवळ्या काचेवर ऊन पडलेलं असेल तर मागच्या ड्रायव्हरला दिवा पेटलाय की नाही हेही समजत नाही.

म्हणून मोजायचं ते दिवा पेटलेला असताना, आणि मोजायचा तो वाटेत गळालेला दाब. इंडिकेटर लुकलुकत असला की मीटरचे आकडे नाचतात. त्याला उपाय असा: फ्लॅशर त्याच्या कपलरमधून, म्हणजे वायरींच्या प्लॅस्टिकच्या जोडातून, काढा आणि बी आणि एल या दोन पिनांच्या जागी वायरचा तुकडा लावून त्या जोडा. तुमच्या कपलरवर ४९ आणि ४९ए असे आकडे असतील तर त्या दोन. मग इंडिकेटर दिला की दिवा सतत पेटून राहील. तिसरी पिन असेल, ई किंवा ३१ लिहिलेली, तर ती अर्थ आहे, तिला चुकूनही हात लावू नका, नाहीतर फ्यूज जाईल. फ्यूज जागेवरच राहू द्या.

आता मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी काडी बॅटरीच्या ऋण टोकावर पक्की धरा, लांब वायर लागेल. लाल काडी पेटलेल्या बल्बच्या होल्डरच्या पत्र्यावर. येईल तो आकडा म्हणजे परतीच्या वाटेवरचा तोटा. ०.२ पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष आहे. मग लाल काडी होल्डरवरून काळ्या वायरच्या थिंबलवर (टोकाची धातूची कडी), तिथून बोल्टवर, तिथून बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर अशी सरकवत न्या. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्या दोघांच्या मध्ये. असंच धन बाजूला: लाल काडी बॅटरीच्या धन टोकावर, काळी होल्डरच्या मधल्या पिनवर. अंदाज करायची गरजच राहत नाही.

निंभोरा_शिवार

हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. आज सगळं मोजलं. लिहून ठेवलंय ते देतो.

उजवा मागचा: होल्डरचा पत्रा ते बॅटरी ऋण १.८ व्होल्ट. ब्रेक दाबला की ३ च्या वर. थिंबलवरही तेवढाच. बोल्टच्या शेजारी पत्रा पॉलिश पेपरनं घासला आणि तिथे लावला तर ०.१. म्हणजे थिंबल आणि बॉडी यांच्यामध्येच सगळं आहे ना?

डावा मागचा: अर्थ बाजूला ०.९. पण धन बाजूला ३.४! तो आकडा कुठे पडतो ते शोधत पुढे आलो. मागच्या फरशीवरची मॅट उचलली. खाली पांढरट-हिरवट ओला लगदा. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, त्या फरशीच्या खोबणीतूनच मागे जातो, आणि डाव्या चाकाच्या फुगवट्यापाशी एक कपलर आहे. तो उघडला तर आतल्या पितळी पिना हिरव्या-निळ्या, एक तर हात लावताच तुटून पडली. कपलरच्या अलीकडे तोटा ०.३, पलीकडे ३.४.

वायर थोडी सोलून पाहिली. आत तांबं चमकत नाही, काळं पडलंय.

पांझराकाठ (धुळे)

शाब्बास. सापडला. पुढचं काम कष्टाचं आहे, पण आता फक्त कष्टाचंच आहे.

अमळनेर_रसायन

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पिन "तुटून पडली" हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो.

खानदेशातल्या गाड्यांच्या वायरिंगला समुद्राचा खारा वारा लागत नाही, तरी कोकणातल्यासारखी सडते, त्याचं कारण तुमच्या मॅटखाली आहे. केळीच्या पट्ट्यात पांढरा पोटॅश भरपूर वापरतात. तो म्हणजे पोटॅशिअम क्लोराईड. मिठाचाच सख्खा भाऊ. मिठातला जो घटक तांब्याला खातो, तो क्लोराईड, त्याच्यातही आहे. युरिया हवेतलं पाणी ओढतो, आणि युरिया व पोटॅश एकत्र सांडले की दोघं मिळून एकट्यापेक्षा लवकर ओले होतात. पावसाळी हवेत तो थर वाळतच नाही. ओला थर, त्यात विरघळलेले क्षार आणि वर १२ व्होल्टचा दाब. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तांबं विरघळायचं थांबत नाही. धन बाजूच्या पिना जास्त खराब होतात त्याचं कारणही हेच.

आता पितळेची पिन तुटायचं कारण. शेण-मातीतल्या जिवाणूंमुळे ओल्या युरियातून अमोनिया सुटतो. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया लागला की त्याला तडे जातात. वरून पाहिलं तर धातू फारसा झिजलेला दिसत नाही, आणि हात लावला की मोडतो. याचा शोध लागायला भारतातलाच एक प्रसंग कारणी पडला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जायची आणि आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण, असा त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. घडवल्यावर पितळ थोडं तापवून ताण काढला की तडे जात नाहीत. तुमच्या कपलरची पिनसुद्धा दाबून, वाकवून घडवलेलीच असते, म्हणून ताण तिच्यातही आहे.

वायरीतलं तांबं काळं पडलंय ते ऑक्साईड. पाणी इन्सुलेशनच्या आत तारांमधल्या फटींतून वर चढतं, म्हणून तोंडापाशी दिसतं त्याच्या बरंच पुढेपर्यंत आत गेलेलं असतं.

सावद्याची_लेक

सर, माहिती फार आवडली. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठानं घासतात, लखलखीत होतात. या पिनांना तसं केलं तर चालेल का? निदान कपलर वाचेल.

अमळनेर_रसायन

ताई, भांडं आपण लगेच भरपूर पाण्यानं धुतो आणि पुसतो. कपलरच्या आत आंबट पाणी आणि मीठ अडकलं तर धुता येत नाही, आणि मीठ म्हणजे पुन्हा क्लोराईडच. सुटी काढलेली पिन असेल तर लिंबाच्या रसात मीठ न घालता थोडा वेळ ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, आणि पूर्ण वाळवा. वायर लावलेली असताना असं काही करू नका. आम्ल तारांमध्ये शिरलं तर ते आत बसून काम करत राहतं. आणि ज्या पिनेला तडे गेलेत ती चकचकीत झाली तरी कामाची नाही.

पांझराकाठ (धुळे)

सरांनी जे सांगितलं ते मला इतकी वर्षं हातानं माहीत होतं, आज कारण कळलं. धन्यवाद सर.

आता निंभोऱ्याच्या भावासाठी काम कसं करायचं ते लिहितो. घाई करू नकोस. सुरुवात बॅटरीची ऋण वायर काढून.

पहिली मॅट बाहेर. फरशीवरचा लगदा पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढ आणि फरशी गोड्या पाण्यानं धू. बोअरचं पाणी खारं असेल तर ते नको. दोन दिवस उन्हात उघडी ठेव. आपल्याकडचं ऊन इथे कामाला येतं. पण हेच ऊन इन्सुलेशनचं नुकसानही करतं. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उभ्या गाडीच्या पत्र्याखाली त्याहून किती तरी जास्त. जुन्या वायरीचं प्लॅस्टिक कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. म्हणून हार्नेस ओढू नकोस, वरची जुनी पट्टी ब्लेडनं चिरून सोड. वायर बोटांत वाकवून बघ. करकर वाजली किंवा भेग दिसली तर ती पूर्ण बदल. उंदरांनी कुरतडलेलंही तिथेच सापडेल, कापूस किंवा धान्य वाहिलं असेल तर नक्कीच.

काळी पडलेली वायर कापत मागे जायचं. एक वीत कापली, आत काळं, आणखी एक वीत. तांबं लालसर चमकदार दिसेपर्यंत थांबायचं नाही. तुझ्या कपलरपासून मागच्या दिव्यापर्यंतचा तुकडा तर पूर्णच नवा टाक, तेवढ्यासाठी जुनं वाचवण्यात अर्थ नाही. नवी वायर गाडीचीच घे, अनेक बारीक तारांची, १ चौरस मिलिमीटरची. घरातल्या फिटिंगची जाड एकतारी वायर वापरू नकोस, ती हादऱ्यांनी मोडते. रंग होते तेच ठेव. तोच रंग मिळाला नाही तर दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी लावून वर पारदर्शक स्लीव्ह चढव. पुढे कधी रात्री रस्त्यात कुणाला शोधायची वेळ आली तर तो तुला दुवा देईल.

जोड कसा द्यायचा यावर लोक भांडतात, म्हणून माझं मत सांगतो. नुसती तारेला तार पिळून वर काळी पट्टी, हे बंद. ती पट्टी उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते आणि पावसाळ्यात आत पाणी धरते. निम्म्या जुन्या गाड्यांचा दोष त्या पट्टीखालीच सापडतो. डाग (सोल्डर) द्यायला हरकत नाही, पण डाग दिलेली वायर कडक होते आणि डाग संपतो तिथे हादऱ्यांनी तुटते. शिवाय लोक आम्लाची पेस्ट वापरतात, तीच पुढे तांबं खाते. मी नळीचा लग, म्हणजे वायरींची टोकं आत घालायची धातूची नळी, घेऊन योग्य पकडीनं दाबतो आणि वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी श्रिंक ट्यूब चढवतो. तापवल्यावर दोन्ही तोंडांतून गोंदाचा थेंब बाहेर दिसला पाहिजे, तर पाणी जात नाही. दोन-तीन वायरी जोडायच्या तर जोड एकाच जागी आणू नकोस, मागेपुढे ठेव, नाहीतर हार्नेसला तिथे गाठ येते आणि घासली जाते.

कपलर नवा घे, बंद तोंडाचा, रबराच्या सीलवाला. जागाही बदल. फरशीच्या खोबणीतून उचलून चाकाच्या फुगवट्याच्या वर बांध, तोंड खाली. आणि हार्नेस त्याच्या आधी थोडा खाली झोळ पडेल असा ठेव, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही.

अर्थिंगचे दोन्ही बोल्ट सोड. बॉडीचा रंग आणि गंज पूर्ण घासून नागडा पत्रा काढ, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. नवी थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट आवळ, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. आधी लावलेलंही आवळताना दाबून बाहेर जातं, पण नवे लोक इतकं लावतात की वॉशर धड टेकतच नाही. म्हणून नंतर. माझ्या मनासारखं करणार असशील तर दोन्ही मागच्या दिव्यांपासून अडीच चौरस मिलिमीटरची एक काळी वायर थेट चासीवर आण. बॉडी आणि चासीच्या मध्ये रबर असतात, बॉडीच्या भरवशावर राहायचं नाही.

आणि होल्डर. आतली स्प्रिंग गंजून बसली असेल तर बल्ब नीट टेकत नाही. होल्डर फार महाग नसतो, बदलूनच टाक. टेल-ब्रेकचा दोन फिलामेंटचा बल्ब इंडिकेटरच्या होल्डरमध्ये कुणी जबरदस्तीनं बसवला नाही ना, हेही बघून घे. त्याच्या खिट्ट्या वरखाली असतात, इंडिकेटरच्या समोरासमोर. जुन्या सैल होल्डरमध्ये तो शिरतो आणि सगळा घोळ घालतो.

नंदुरबार_३९

सगळे एलईडी बल्ब टाकून दिले तर? करंट कमी लागतो, म्हणजे खराब वायरवरही चांगले पेटतील.

भुसावळ_शेड

पेटतील, आणि दोष झाकला जाईल. कुजलेला जोड कुजतच राहील आणि एक दिवस पूर्ण तुटेल, बहुतेक पावसातच. वायरिंग दुरुस्त करून मग एलईडी लावायचे असतील तर लावा. पण मग करंट मोजणारा फ्लॅशर चालणार नाही, तो भराभर टिकटिकेल. एलईडीला चालणारा, अर्थची तिसरी पिन असलेला फ्लॅशर घ्यावा लागतो. आणि रंग पिवळाच, काचेच्या आत पांढरा एलईडी टाकला की इंडिकेटर फिकट दिसतो.

सावद्याची_लेक

माझ्या वडिलांची जुनी स्कूटर आहे. तिचे इंडिकेटर गाडी उभी असताना पेटून राहतात आणि रेस दिली की लुकलुकतात. तेही अर्थिंगच का?

पांझराकाठ (धुळे)

नाही ताई, तिथे आधी बॅटरी बघा. इंजिन हळू असताना बॅटरीनं भार घ्यायचा असतो. ती थकली की फ्लॅशरला पुरेसा दाब मिळत नाही, रेस दिली की मिळतो. बॅटरी चांगली निघाली तर चार्जिंग, मग वायरिंग. आणखी एक बघा, दुचाकीला १० वॅटचे बल्ब असतात आणि फ्लॅशर त्याच वॅटचा लागतो. कुणी चारचाकीचा लावला असेल तर त्याला १० वॅटचा करंट पुरत नाही.

निंभोरा_शिवार

काम पूर्ण झालं. उशीर झाला कारण मध्ये कटाई होती.

नानांनी सांगितलं तसंच केलं. डाव्या बाजूची वायर कपलरपासून पुढेही हातभर काळी निघाली, तिथपर्यंत कापली. उंदरांनी खाल्लेली नव्हती, पण एक जुना जोड सापडला. पूर्वी कुणीतरी मागे टेपचे स्पीकर बसवले होते, त्यांची जिवंत वायर पट्टी गुंडाळून तशीच सोडलेली होती, अगदी त्या लगद्यात. ती मुळापासून काढली. कपलर वर बांधला, झोळ ठेवला. दोन्ही अर्थ वायरी चासीवर घेतल्या.

आता रीडिंग: उजवा अर्थ ०.०६, ब्रेक आणि टेल दोन्ही लावून ०.१२. डावा अर्थ ०.०७, धन बाजूला ०.४. गॅरेजमध्ये लावलेला तोच फ्लॅशर आहे. मिनिटाला ८४ वेळा लुकलुकतो, दोन्ही बाजूंना सारखा. गोण्यांसाठी मागे प्लॅस्टिकचा उंच काठाचा ट्रे टाकलाय, खत आता फरशीला लागत नाही. वडिलांना काल रात्री गाडीच्या मागे उभं करून सगळे दिवे दाखवले. त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिले. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

धन बाजूचा ०.४ अजून कमी व्हायला हवा का?

भुसावळ_शेड

त्यात फ्यूज, इग्निशन स्विच, हॅझर्डचं बटण आणि इंडिकेटरचा दांडा, सगळ्यांचे संपर्क आले. २५ वर्षांच्या गाडीला ०.४ उत्तम आहे. हॅझर्डचं बटण मात्र महिन्यातून चार-पाच वेळा दाबत जा. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट त्याच्यातूनच जातो आणि न वापरल्यानं त्याचे संपर्क काळे पडतात. कधी हॅझर्ड चालले पण इंडिकेटर दोन्हीकडचे बंद पडले, तर आधी इंडिकेटरचा फ्यूज आणि मग ते बटण.

अमळनेर_रसायन

पासिंगला जाण्याआधी मागच्या काचा बदललेल्या बऱ्या. उन्हानं पिवळा रंग उडालेला असला तर वायरिंग चांगलं असूनही दिवा पांढरट दिसतो. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी ५ वर्षांसाठीच वाढते, म्हणजे आत्ता नीट केलेलं पुढच्या वेळेपर्यंत टिकलं पाहिजे.

शहादेकर

मी फ्लॅशर म्हणालो होतो, पण हे वाचून आमच्या पिकअपची मॅट उचलली. हिरवंच आहे. नाना, आम्ही त्या गाडीला दोन चाकांची ट्रॉलीही जोडतो, तिचे दिवे कधीच नीट चालले नाहीत. सॉकेट सात पिनांचं आहे. कुठली पिन कशाची?

पांझराकाठ (धुळे)

सात पिनांच्या सॉकेटवर आत आकडे असतात, भिंग लावून बघा. १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ६ ब्रेक, ५ उजवा टेल, ७ डावा टेल. २ नंबर बाहेरच्या देशांत धुक्याच्या दिव्याला असतो, आपल्याकडे बहुधा रिकामा. आधी कुणी आपल्या मनानं जोडलेलं असू शकतं, म्हणून टेस्टिंग बल्बनं एकेक पिन तपासूनच पुढे जा.

ट्रॉलीचे दिवे न चालण्याचं कारण बहुतेक ३ नंबर असतं. लोक ती वायर जोडतच नाहीत, ट्रॉली अडकवायच्या आकड्याच्या लोखंडातून अर्थ मिळेल असं धरून चालतात. तिथे ग्रीस असतं, गंज असतो, आणि खड्ड्यात आकडा उडाला की संपर्कच सुटतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३ नंबरवरून थेट गाडीच्या चासीवर न्या, आणि ट्रॉलीच्या बाजूला प्रत्येक दिव्यापर्यंत.

ट्रॉली जोडली की एका बाजूला तीन बल्ब होतात, ६३ वॅट. तुमच्या फ्लॅशरवर वॅट छापलेले असतात ते वाचून इथे टाका, मग तो चालेल की बदलावा लागेल ते सांगतो. मॅटखालचे फोटोही टाका.